तिसऱ्या बाजाराचं इंजेक्शन

टोकावड्याला मी दवाखाना टाकला तेव्हा मला माझ्या कानांचा भयंकर गर्व होता. मुंबईत शिकताना आमचे सर एकाच पेशंटच्या छातीवर आम्हा पंधरा जणांना ओळीनं स्टेथोस्कोप लावायला लावत आणि काय ऐकू आलं ते विचारत. बाकीचे पुढच्यानं सांगितलेलंच सांगत. मी खरोखर ऐकून सांगायचो, निदान तसा माझा समज होता. त्यामुळे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुरबाड–माळशेज रस्त्यावर, एका ढाब्याच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या तेव्हा मला वाटलं, सगळ्या तालुक्याची हृदयं माझ्या कानांची वाट बघत बसली असणार.

तालुक्यात हृदयं नव्हतीच. तालुक्यात फक्त गॅस होता. छातीत दुखलं की गॅस, डावा हात भरून आला की हातात उतरलेला गॅस, दरदरून घाम सुटला की अंगातून बाहेर पडणारा गॅस. सोडा पिऊन, ओवा चावून, बेंबीला हिंग लावून झालं की मग लोक माझ्याकडे येत, आणि तेही गॅसच आहे ना याची खात्री करायला. मी चुकून हृदय म्हटलं तर ते माझ्याकडे दयेनं बघत आणि दुसऱ्या, जास्त शिकलेल्या डॉक्टरकडे जात. माणूस गेला तरी गॅस डोक्यात चढला म्हणून गेला. अशा ठिकाणी हृदयाचं निदान करणं म्हणजे घरच्यांचा अपमान करण्यासारखं होतं.

मी काही बाहेरचा नव्हतो. मी सापगावचा. आमच्या घरी भातशेती, बैल, आणि गॅसवर गाढ विश्वास. त्यामुळे शहरातल्या मित्रांना मी ऐटीत सांगायचो की आपल्याला ह्या लोकांचं सगळं ठाऊक आहे. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो की माझंच मला खरं वाटायला लागलं.

मग मी कल्याणच्या एका डॉक्टरांकडून जुनं ईसीजी मशीन घेतलं. माझा कंपाउंडर माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. त्यानं मशीनला बायकोकडून क्रोशाचं झाकण विणून आणलं आणि दसऱ्याला झेंडूचा हार घातला. त्यानंतर आठवडाभर पेशंटच्या मनगटाला वायरीबरोबर हळदकुंकूही लागायचं. गावात ईसीजीला कोणी ईसीजी म्हणत नसे. ‘पट्टी काढणे’ असा शब्द होता. पट्टी हे निदान नसून औषध आहे अशी सर्वांची समजूत होती. मागच्या खेपेला पट्टी काढली तेव्हा लय बरं वाटलं, आजपण काढा, असं म्हणत लोक येऊन आडवे होत.

पट्टीचे सर्वात मोठे भक्त म्हणजे जवळच्या गावचे माजी सरपंच. त्यांचं हृदय बैलासारखं धडधाकट होतं आणि तेच त्यांचं दुखणं होतं. निवडणूक हरले की छातीत कळ, पुतण्या निवडून आला की कळ, सोसायटीच्या सभेत खुर्ची मागच्या रांगेत मिळाली की डाव्या खांद्यापर्यंत कळ. सुरुवातीला मी त्यांना सांगायचो की तुम्हाला काहीही झालेलं नाही. त्यांचा चेहरा पडायचा. हळूहळू मी शहाणा झालो आणि पट्टी उजेडाकडे धरून, भुवया वर करून म्हणायला लागलो, “थोडं जपा.” ह्या दोन शब्दांवर माझी सगळी प्रॅक्टिस उभी राहिली. सरपंचांनी त्यांच्या पट्ट्या मुरबाडला नेऊन लॅमिनेट करून घेतल्या आणि पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवायला लागले.

अशात एक दिवस घाटाकडच्या एका वाडीतली बाई बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बाई लावणीला मजुरीवर जायची आणि एरवी रानातली पानं, करवंदं, शिंद म्हणजे बांबूचे कोवळे कोंब बाजारात विकायची. मुलगी आळशी झाली अशी वाडीची तक्रार होती. पूर्वी झऱ्यावरून दोन हंडे आणायची, आता एक आणतानाही वाटेत बसते. आईचं म्हणणं वेगळं होतं. पोर आळशी नाही, पोरीला दम पुरत नाही, एवढंच ती सांगत होती. गॅस हा शब्द तिनं उच्चारला नाही. तेवढ्यावरच मी खूश झालो.

मुलीला डाव्या कुशीवर झोपवलं, स्टेथोस्कोप छातीच्या खालच्या बाजूला हलकेच टेकवला आणि श्वास रोखून ऐकलं. पलीकडच्या खोलीत कोणी जात्यावर दळण दळावं तशी खोल घरघर येत होती. पुस्तकात असते तशीच. मला इतका आनंद झाला की मी उठून कंपाउंडरला हाक मारली आणि त्यालाही ऐकवलं. त्यानं बराच वेळ ऐकून सांगितलं की त्याला फक्त एसटी ऐकू येते. बारा वर्षांच्या मुलीचं हृदय बिघडलेलं सापडलं आणि मी हसत होतो, हे आज लिहायला बरं वाटत नाही. पण हसत होतो.

दोन वर्षांपूर्वी तिचा घसा दुखून ताप आला होता का, मग एक गुडघा सुजला, तो उतरला आणि घोटा सुजला, असं झालं होतं का, हे मी विचारलं. आई माझ्याकडे बघतच राहिली, कारण तसंच झालं होतं. मी तिला समजावलं की त्या तापानं हृदयातल्या दोन खोल्यांमधलं दार जाम केलं आहे. ठाण्याला सोनोग्राफीसारखी तपासणी करून आणली, तिथंही तेच निघालं. दार अजून बऱ्यापैकी उघडत होतं. तो ताप परत आला तर मात्र आणखी आवळणार होतं. तो येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं एक इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या एकवीस दिवसांवर टांगलेलं होतं.

आईनं विचारलं, एकवीस म्हणजे कधी. तिच्या घरी कॅलेंडर नव्हतं. आणि इथं मला ती थोर कल्पना सुचली. टोकावड्याचा बाजार दर आठवड्याला. तीन बाजार म्हणजे एकवीस दिवस. मी तिला म्हटलं, तारखेबिरखेच्या भानगडीत पडू नको, दर तिसऱ्या बाजाराला पोरीला घेऊन ये. बाईचा चेहरा उजळला. माझा त्याहून जास्त उजळला.

ही कल्पना मी मुरबाडला डॉक्टरांच्या महिन्याच्या बैठकीत सांगितली. ग्रामीण भागात लोकांच्या जगण्यात उतरावं लागतं, वगैरे बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, औषध कंपनीच्या माणसानं वहीत टिपून घेतलं, आणि अध्यक्षांनी भाषणात माझं नाव दोनदा चुकीचं घेऊन कौतुक केलं.

ते इंजेक्शन म्हणजे शिक्षाच होती. पांढरी पावडर पाण्यात कालवली की चुन्यासारखी दाट व्हायची, सुई तुंबायची, जोर लावून एका दमात ढकलावी लागायची. त्याआधी दर वेळी हातावर थोडं टोचून अर्धा तास थांबायचं, कारण एखाद्याला ते सोसत नाही आणि जागच्या जागी जातो. मुलगी रडायची नाही. आईचा पदर दातात धरायची. आईनं बामची एक रिकामी डबी ठेवली होती. प्रत्येक बाजाराला ती त्यात वालाचा एक दाणा टाकायची. तीन झाले की डबी आणि मुलगी दोघी दवाखान्यात. इंजेक्शन झालं की डबी माझ्या टेबलावर रिकामी करायची. ओढ्याला पाणी आलं तरी, लावणी चालू असली तरी, दोन वर्षांत एकदाही चुकली नाही. ह्याचं सगळं श्रेय मी माझ्या पद्धतीला दिलं.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात माजी सरपंचांनी पंचायत समितीला उभं राहायचं ठरवलं. जनसंपर्कासाठी म्हशाच्या जत्रेत मोफत हृदय तपासणी शिबिर घ्यायचं, असं त्यांच्या मनात आलं. म्हशाची जत्रा म्हणजे लांबलांबून बैल घेऊन आलेली माणसं, घोंगड्या, तमाशे, भजी. हृदयाची तिथं कुणाला आठवण होत असेल असं वाटत नव्हतं. पण फलक रंगवून आला. त्यावर सरपंचांचा मोठा फोटो, माझा छोटा, आणि मध्ये बदामाच्या आकाराचं लालभडक हृदय. असं हृदय मी शिकताना किंवा नंतर कधी पाहिलेलं नाही.

वीज आकाशपाळण्याच्या जनरेटरवरून घेतली होती. पाळणा फिरायला लागला की मशीनची सुई थरथरायची. त्यामुळे त्या वर्षी म्हशात आलेल्या प्रत्येकाच्या हृदयात एकाच प्रकारचा दोष निघाला. मी सगळ्यांना थोडं जपायला सांगितलं. बैल बघायला आलेली गडी माणसं रांगेत उभी राहून शर्ट काढत होती. पलीकडे बैलांचे दात तपासत होते, अलीकडे मी माणसांच्या जिभा बघत होतो. बैल तपासणाऱ्यांना कामातलं जास्त कळत होतं.

त्या रांगेत ती बाई मुलीला घेऊन उभी होती. घोंगडी घ्यायला आली असावी. बिल्ले लावलेल्या कार्यकर्त्यांनी तिला दोनदा मागं सारलं, तरी ती टेबलापर्यंत पोचली. त्या वेळी खाटेवर सरपंच उघड्या अंगानं पडले होते आणि एका साप्ताहिकाचा माणूस फोटो काढत होता. बाईनं विचारलं, पोरीचं इंजेक्शन इथंच देणार का. मी मान वर केली नाही. “इथं नको,” मी म्हटलं, “बाजाराला ये. नेहमीसारखी, तिसऱ्या बाजाराला.” ती बरं म्हणाली आणि गेली. फोटो चांगला आला होता.

पुढं पंधरवड्यानं एका बाजाराच्या दिवशी ती मुलीला जवळजवळ उचलूनच घेऊन आली. अंगात ताप, गुडघा सुजलेला, आणि मुलगी आडवी होऊ शकत नव्हती, आडवी झाली की गुदमरायची. मी कान लावला. जात्याचा आवाज वाढला होता आणि त्यात नवे आवाज मिसळले होते. रजिस्टर काढलं. शेवटच्या इंजेक्शनला एकवीसच्या जागी पस्तीस दिवस झाले होते.

माझा पारा चढला. दवाखाना भरलेला होता आणि मला ऐकणारे हवेच होते. दोन वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंस, तुम्हा लोकांना कितीही जीव तोडून सांगा, जत्रेला जायला बरा वेळ मिळतो, असं सगळं मी बोललो. बाई डबी पुढं करत होती. मी डबीकडे बघितलं नाही. मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयासाठी इंग्रजीत चिठ्ठी लिहिली, आजार नीट मांडला, आणि खाली दोन वाक्यं घातली. पेशंट इरेग्युलर. मदर केअरलेस. दुसऱ्या वाक्याखाली रेघ ओढली. मग त्या दोघींना जीपमध्ये बसवलं आणि पुढचा पेशंट घेतला.

रुग्णालयात ताप उतरायला बरेच आठवडे लागले. दार आता फारच आवळलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मांडीच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन तिथं फुगा फुगवायचा, म्हणजे दार मोकळं होईल. वाडीत ह्या फुग्यावर कुणाचा विश्वास बसला नाही, आणि बसण्यासारखं ते नव्हतंही. पण फुग्यासाठी मोठी रांग होती. तपासायला येणारा प्रत्येक नवा डॉक्टर फाइल उघडायचा, सर्वात वरची माझी चिठ्ठी वाचायचा आणि आईला झापायचा. इंजेक्शनच घेणार नसतील तर फुगा फुकट जाणार, त्यापेक्षा काळजी घेणाऱ्याला द्यावा, असा त्यांचा विचार. चूक म्हणता येत नाही, त्यांच्याकडे माझं लेखी होतं. मुलीचं नाव यादीत खाली खाली जात राहिलं. घरी सोडायचे, परत बोलवायचे, परत पुढची तारीख द्यायचे. मुलगी आता उशीला पाठ टेकून बसूनच झोपायची.

पावसाळ्याच्या तोंडावर बाई एकटीच माझ्याकडे आली. आणखी एक चिठ्ठी द्या, तुमच्या चिठ्ठीला तिथं मान आहे, असं तिचं म्हणणं. आत खाटेवर माजी सरपंच पट्टीसाठी पडलेले होते, कारण पंचायत समितीतही ते पडले होते. तिथला प्रत्येक नवा डॉक्टर आधी ती वाचतो आणि मग रागावतो, असं ती म्हणाली, तेव्हा चिठ्ठीचा मान काय आहे हे मला कळलं. मी पुन्हा सुरू केलं की वेळच्या वेळी आली असतीस तर ही पाळी आली नसती. ह्या वेळी तिनं कनवटीची डबी काढून झाकण उघडलं आणि टेबलावर उपडी केली.

“तीनच हायेत, डाक्टर. मी त्या दिसापासून तशीच ठेवली. म्हशाच्या जत्रंत आपलं बाजार दोनदा भरला नाय, समदं येपारी तिकडंच. मागली दोन सालं मी न भरलेलं बाजारपण मोजलं, या साली तुमी तिथंच व्हतात, म्हून तुमाला इचारला. तुमी बोललात, तिसऱ्या बाजाराला ये.”

कंपाउंडर एक औषधाची बाटली कारण नसताना हलवायला लागला. सरपंच वायरींसकट उठून बसले आणि म्हणाले की बाई खरं बोलते, म्हशाच्या दिवसांत आपल्याकडे बाजार कधी भरला आहे? हे कुणालाही माहीत होतं. मलाही माहीत होतं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी त्याच जत्रेत बैल घ्यायला गेलो होतो, आणि तेव्हा सापगावहून निघताना आई म्हणाली होती की मीठमिरची आत्ताच भरून ठेवा, आता पंधरा दिवस बाजार नाही. मला लाज वाटली. कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झालं. आणि मी काय बोललो, तर पुढच्या वेळेपासून तारीख बघत जा.

चिठ्ठी मी लिहिली. चूक माझी आहे असं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. मी लिहिलं की पेशंटचे घरचे आता सुधारले आहेत, पुढच्या इंजेक्शनांची जबाबदारी मी जातीनं घेतो. म्हणजे मी चूक तर लपवलीच, वर मोठेपणाही पदरात पाडून घेतला. पण चिठ्ठी चालली. दिवाळीच्या आधी फुगा झाला. मुलगी पायी चालत वाडीत गेली आणि वाडीनं माझ्या चिठ्ठीला हात जोडले. त्यानंतर कंपाउंडर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करायचा आणि दुसरं कॅलेंडर बाईला द्यायचा. माझी थोर पद्धत बंद झाल्याचं बैठकीत मी कधी सांगितलं नाही.

पुढं दोन हजार सालानंतर तालुक्यात हृदयं आली. जमिनी विकल्या गेल्या, फार्महाउसं झाली, गाड्या आल्या, आणि गॅस मागे हटला. माजी सरपंचांनी तर मुंबईला जाऊन अँजिओग्राफी करून घेतली. सगळं स्वच्छ निघालं. त्याची सीडी मिळाली. नातवाच्या बारशाला त्यांनी ती टीव्हीवर लावली आणि जेवणाच्या पंगती उठेपर्यंत आम्ही सगळ्यांनी त्यांच्या रक्तवाहिन्या बघितल्या. बायकांनी फार नाजूक आहेत म्हणून हळहळ व्यक्त केली.

मुलगी आश्रमशाळेतून दहावी, मग बारावी झाली आणि वाडीतच अंगणवाडीवर लागली. इंजेक्शन चालूच होतं. एके दिवशी ती, तिची आई आणि एक म्हातारबाबा असे तिघं आले. मुलीचं लग्न ठरत होतं आणि हे होणारे सासरे होते. पोरीच्या काळजाला काय झालंय ते डॉक्टरच्या तोंडून ऐकल्याशिवाय सुपारी फोडणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. मी त्यांना दार, फुगा, इंजेक्शन सगळं समजावलं. संसार करायला हरकत नाही, मूल होताना मात्र मोठ्या रुग्णालयात दाखवत राहायचं, हेही सांगितलं. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. पण आईचं झालं नाही. तिनं पिशवीतून एक कागद काढून माझ्या पुढं ठेवला. माझी पहिली चिठ्ठी, रुग्णालयाच्या फाइलबरोबर घरी आलेली. लॅमिनेट केलेली.

“ह्या कागदानं माजी पोर वाचली,” ती सासऱ्यांना म्हणाली. “डाक्टर, वाचून दावा यांना.”

कागदावरची रेघ प्लास्टिकखाली अजून ठळक होती. मी घसा साफ केला आणि इंग्रजीवर डोळे ठेवून मराठीत वाचलं की पेशंट अत्यंत नियमित आहे, आईनं दोन वर्षं एकही इंजेक्शन चुकवलं नाही, इतकी काळजी घेणारी आई मी पाहिलेली नाही. सासऱ्यांनी मान डोलावली. आईनं पदरानं तोंड पुसलं. मुलगी कागदाकडे बघत होती.

ते दोघं बाहेर चहाला गेले आणि मुलगी इंजेक्शनसाठी खाटेवर पालथी झाली. मी सुई भरत होतो.

“तसं नाय लिहिलेलं त्याच्यात, सर,” ती म्हणाली. “मला नववीत असतानाच वाचता आलं. आईला नाय सांगितलं.”

सुई तुंबली. मी दुसरी घेतली. इंजेक्शन दिलं, तिनं दात आवळले, उठून बसली, साडी नीट केली. माझ्या टेबलावरचं लेटरहेड तिनं ओढून माझ्यासमोर ठेवलं.

“आता वाचलात ना, ते लिहून द्या. मराठीत. आणि जत्रेचं पण लिहा.”

मी लिहिलं. नियमित लिहिलं, काळजी घेणारी लिहिलं, जत्रेत बाजार भरला नाही हे लिहिलं, बाईनं विचारलं होतं आणि मी तिला परत पाठवलं हे लिहिलं, चूक माझी हे लिहिलं. सही केली, शिक्का मारला. ती कागद घेऊन दारात गेली आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईला आणि सासऱ्यांना सावकाश, अंगणवाडीतल्या पोरांना वाचून दाखवतात तसा, मोठ्यानं वाचून दाखवला. मी आत खुर्चीत बसून ऐकत होतो. माझ्या तयार कानांना त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

वाचून झालं.

“यवढ्यासाठी कागद कशाला घालवला गो?” आई मुलीला म्हणाली. “ह्या तं मी त्यांना तवाच सांगला व्हता.”

मग तिनं कंपाउंडरला पुढची तारीख विचारली, आणि तिघंही एसटीच्या थांब्याकडे गेली.